दसऱ्याला उतरवलेला पट्टा

मी एक पट्टा. कुत्र्याच्या गळ्यातला. बोलायला मला तोंड नाही, बकलाची तेवढी किणकिण आहे. ती ऐकून थांबलात तर माझी गोष्ट सांगतो. सावकाश सांगीन, कारण ज्या माणसाच्या हातून मी घडलो तोही सावकाशच बोलतो.

जन्माने मी गळ्यातला नव्हे. म्हशीच्या जाड कातड्याचा, चार बोटं रुंद, चांगला लांबलचक असा मी अंधेरीत वर्सोव्याच्या रस्त्यावर श्यामसुंदर शेठच्या पिठाच्या गिरणीत आलो. एका बाजूला मोटरचं चाक, दुसऱ्या बाजूला जात्याचं चाक, आणि मध्ये मी. मी फिरलो की जातं फिरायचं. माझ्या सांध्यावर जाड टाके होते. ते चाकावरून जाताना फट् असा आवाज यायचा. बायका दळणाचे डबे ठेवून घरी जायच्या आणि भाजी चिरता चिरता तो आवाज ऐकत राहायच्या. आवाज थांबला की डबा न्यायला यायच्या.

गिरणीवर धाकू कामाला होता. मालवणकडचा, दुसरीपर्यंत शिकलेला. भुवयांपर्यंत पिठाने पांढरा. त्याला कुणी हाक मारली की तो आधी हात पुसायचा, मग वळायचा, मग ओ द्यायचा. तोवर हाक मारणारा वैतागलेला असायचा. पण गहू आणि बाजरी एकामागून एक दळताना मध्ये मूठभर दाणे टाकून जातं साफ करायला तो कधी विसरला नाही. कुणाच्या पिठात कुणाचं पीठ गेलं नाही.

वर्षातून एक दिवस, दसऱ्याला, तो मला चाकांवरून उतरवायचा. ओल्या फडक्याने पीठ पुसायचा, एरंडेल चोळायचा, वेटोळं करून पाटावर ठेवायचा. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. शेठ कुरकुरायचे. सणाचं दळण घेऊन गिऱ्हाईक दारात उभं आणि हा पट्ट्याला तेल चोळतोय.

"वरीसभर फिरता तो, शेट," धाकू म्हणायचा. "एक दिस तेका पडांदेत."

कामाच्या वस्तूला एक दिवस विसावा द्यायचा, हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. त्याला देवाधर्मातलं एवढंच येत होतं, आणि एवढं तो मनापासून करायचा.

पुढे शेठ गेले. मुलांनी जागा बिल्डरला दिली. गिरणी पडली आणि तिथे सोळा मजल्यांची सोसायटी उभी राहिली. जाती भंगारात गेली. धाकूला सोसायटीने पाण्याच्या पंपावर ठेवून घेतलं, जिन्याखाली मीटरच्या शेजारी एक खोली दिली. त्याने जुन्यातलं फक्त मला मागून घेतलं. मी त्याच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो. उतरवायला आता चाक नव्हतं, तरी दर दसऱ्याला तो पेटी उघडायचा, तेल चोळायचा, हळदकुंकू वाहायचा. मला वाटायचं, माझं आयुष्य संपलं, ही माझी दरवर्षीची आठवण काढणं चाललंय.

मग कोंडा आला.

बांधकामाची उरलेली वाळू मागच्या भिंतीशी पडली होती. त्या वाळूत एका पावसाळ्यानंतर धाकूला एक पिल्लू सापडलं. रंग थेट गव्हाच्या कोंड्याचा, म्हणून नाव कोंडा. ते जरा मोठं झाल्यावर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची माणसं आली, लस टोचून गेली, कानाला खूण करून गेली. धाकूला तेवढ्याने बरं वाटेना. रस्त्यावरच्या कुत्र्याला कुणीही दगड मारतं. त्याने कोपऱ्यावरच्या मोच्याकडून कातडं कापायची रापी मागून आणली आणि मला कापलं.

मला दुखलं नाही. चार बोटांतली दोन बोटं रुंदी त्याने ठेवली, जाडी तशीच ठेवली. दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने कडा शिवल्या. जुन्या दप्तराचं बक्कल बसवलं. मग पितळेची एक चकती घेऊन भांड्यांच्या दुकानात गेला. तिथे लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरून देतात.

दुकानदाराने मशीन हातात घेत विचारलं, "काय घालू? आहेर कुणाकडून?"

धाकूने खिशातून कागद काढून पुढे केला. स्वतःचा मोबाइल नंबर त्याला पाठ नव्हता.

"कुणाला देताय हे?"

"कुत्र्याक."

"मग 'सप्रेम भेट' पण घालतो, काका," दुकानदार हसत म्हणाला. पण नंबर त्याने मन लावून कोरला. आकडे अजून ठसठशीत आहेत.

असा मी कोंडाच्या गळ्यात आलो आणि नऊ वर्षं राहिलो. चाकावर मी जोरात फिरायचो, पण चाक थंड असतं. मानेवर ऊब असते. भूक लागली की मानेची शीर कशी उडते, धाकूची पावलं ऐकून ती कशी उडते, झोपेत स्वप्न पडलं की कशी, हे सगळं मला आतल्या बाजूने कळायचं. पंप सुरू करायला धाकू सकाळी उठायचा, तेव्हा कोंडा खोलीच्या उंबऱ्याशी उभा असायचा. शनिवारी दोघं चालत वर्सोव्याला सुकी मासळी आणायला जायचे. येताना धक्क्यावर बसायचे. खाडीपलीकडे मढला जाणारी होडी माणसं भरून निघायची, पलीकडे पोचायची, पुन्हा यायची. कोंडाला पाण्याची भीती. तो होडीवर भुंकायचा आणि ती परत आली की खूश व्हायचा. त्याला वाटायचं, आपण भुंकलो म्हणून आली.

त्या नऊ वर्षांत माणसांची एक सवय मला कळली. माणसं आधी मला बघतात, मग कुत्र्याला. पुढे कुत्रं दिसलं की त्यांचं पाऊल अडखळतं, नजर गळ्याकडे जाते, पट्टा दिसला की चेहरा सैल होतो. कुणाचा तरी आहे. तेवढं पुरतं. कोण आहे, कसा आहे, हे नंतर कुणी बघत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मजाबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, टापटिपीच्या, कुणाशी आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांच्याकडे बिस्किट नावाचा सोनेरी केसांचा मोठा कुत्रा. त्यांच्या मनात आलं की आपल्या आणि आसपासच्या सोसायट्यांतल्या कुत्र्यांचा, त्यांच्या माणसांसकट, एक उत्सव करावा. पाऊस संपलेला, हवा बरी, दसऱ्याची सुट्टी. हिरवळीवर कार्यक्रम, स्पर्धा, ओवाळणं, खाऊ. नाव ठेवलं शरद श्वानमेळा.

त्यांनी नोटीस काढली आणि लावायला धाकूकडे दिली. वर कुत्र्याच्या पावलाचं चित्र, खाली सगळं इंग्रजीत. धाकूने चार टाचण्या घेऊन ती फळ्यावर लावली. एक कोपरा वाकडा वाटला म्हणून काढून पुन्हा लावली.

तिसऱ्या मजल्यावरची गंधाली ऑफिसला निघाली होती. कोंडाला रोज पोळी घालणारी मुलगी. फोन कानाला, गाडी फाटकाशी उभी. धाकूने तिला विचारलं, ह्यात काय लिहिलंय.

तिने फोनवर हात ठेवला आणि वरची मोठी अक्षरं वाचली. "कुत्र्यांची जत्रा आहे काका, दसऱ्याला. आपल्या कोंडाला पण आणा ना. मस्त आंघोळ घालून आणा."

आणि ती गेली. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती तिने वाचली नाही, कारण गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

त्या दिवसापासून धाकूच्या चालण्यात फरक पडला. एवढी वर्षं कोंडा फाटकाच्या आतबाहेर करायचा, पण हिरवळीवर त्याला मज्जाव होता. आता तो बिस्किटच्या शेजारी उभा राहणार होता. धाकूने कोंडाला समोर बसवून हे समजावून सांगितलं. सांगताना मला दोन बोटं घालून सारखं केलं. कोंडाने त्याचा अंगठा चाटला.

दसऱ्याची सकाळ. धाकूने कोंडाला नळाखाली उभं करून लाल साबणाने आंघोळ घातली, गोणपाटाने पुसलं आणि मला बक्कल सोडून काढलं. दर दसऱ्याला काढायचा. अर्धा तास कोंडा मोकळ्या मानेने फाटकाशी उन्हात लोळायचा आणि मी पाटावर असायचो. आठ दसरे असेच गेले होते.

त्याने मला पुसलं, एरंडेल चोळलं. पाटावर पाना, पक्कड, पंपाच्या खोलीची किल्ली आणि मध्ये मी. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू ठेवला. मग टाकी भरायची वेळ झाली म्हणून उठून पंप सुरू केला आणि पुन्हा येऊन हात जोडून बसला. पंप घरघरायला लागला की त्या खोलीत माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

त्याला ऐकू आलं नाही. मला आलं.

फाटकाशी गाडी थांबली. दार उघडलं, लोखंडी जाळी सरकली. कोंडा आधी भुंकला, तो गाडीवर भुंकतो तसा. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. गळ्याला फास बसला की आवाज असा होतो. नऊ वर्षं त्या गळ्याभोवती मी होतो, आणि त्याला आवळायचं नाही एवढंच काम मी केलं होतं. मी पाटावर होतो, कपाळभर कुंकू लावून, आणि समोर धाकू डोळे मिटून माझ्याच पाया पडत होता.

गूळखोबरं घेऊन तो बाहेर आला. कोंडा नव्हता. फाटकाशी साबणाच्या वासाची ओली जागा होती.

नवा वॉचमन दोन महिन्यांपूर्वी लागलेला. तो म्हणाला कुत्रे धरणारी गाडी आली होती, आपल्या गल्लीतले अजून तिघं नेले. मग तो खाली बघत म्हणाला, "मी बोललो त्यांना, काका. बोललो, हा आपला आहे. ते बोलले, मग पट्टा कुठाय? मी काय बोलणार?"

आणि मग, काहीतरी सांगायचं म्हणून, त्याने सांगितलं की गाडीला पण झेंडूचा हार होता. दसरा ना.

धाकू खोलीत आला, मला उचललं आणि तसाच हिरवळीवर गेला. माझं तेल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. पद्मजाबाई कुत्र्याच्या पावलांची रांगोळी काढून घेत होत्या. घाबरला की धाकू मालवणीत जायचा.

"बाई, माझ्या कोंड्याक गाडयेत घालून न्हेल्यानी."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा खरंच पडला. "असं कसं? पट्टा असलेल्याला हात लावायचा नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. तुमच्या कोंडासाठीच सांगितलं, काका. नोटिशीत तशी ओळ घातली. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी त्या सकाळी फक्त बिनपट्ट्याचे उचलणार म्हणून." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "हा तुम्ही आजच कसा काढलात?"

"दसरो ना आज, बाई."

त्यांना काही समजलं नाही. "नोटीस तर तुम्हीच लावलीत," असं त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. गाडीवाल्याला तिथल्या तिथे फोन लावला. त्याने उचलला नाही. सणाचा दिवस आहे, उद्या बघू, सापडेल, जातोय कुठे, असं त्या म्हणाल्या. आणि तोवर खुर्च्या तेवढ्या मांडून घ्या.

तुम्ही म्हणाल, तो धावत का सुटला नाही. कुठे धावणार? गाडी कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठे जायचं हे माहीत नसलं की माणूस हाताशी आलेलं काम करतो. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि खुर्च्या मांडल्या. कुत्र्यांसाठी पाण्याच्या थाळ्या भरल्या. एक थाळी भरून झाल्यावर तो फाटकाकडे बघायचा, मग दुसरी भरायचा.

संध्याकाळी मेळा झाला आणि चांगला झाला, हे मला सांगितलंच पाहिजे. शेरवानी घातलेला एक कुत्रा होता. नऊवारी नेसवलेली एक चपट्या नाकाची कुत्री होती, ती सारखी काष्ट्याला अडखळत होती. बायकांनी तबक घेऊन सगळ्यांना ओवाळलं. आपट्याची पानं वाटली, ती एकाने खाऊन टाकली, सगळे हसले. पाहुणे माइकवर बोलले की मुक्या जिवावर प्रेम करणं ही आपली परंपरा आहे. टाळ्या पडल्या. धाकू मागे उभा होता आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

शेवटी जुन्यातून नवं अशी एक स्पर्धा होती. घरच्या जुन्या वस्तूचं कुत्र्यासाठी काय केलंत ते दाखवायचं. गंधाली दुपारभर ऑफिसात अडकून नुकतीच आली होती. सकाळचं तिला काही माहीत नव्हतं. तिला धाकूच्या खांद्यावर मी दिसलो.

"गिरणीच्या पट्ट्याचा आहे हा, माहितीये? काकांनी स्वतः हाताने शिवलाय," असं सांगत तिने त्याला हाताला धरून पुढे नेलं. पद्मजाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माइक पाहुण्यांच्या हातात होता.

पाहुण्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. असं काम आता बघायला मिळत नाही, म्हणाले. मग माइक धाकूपुढे धरला. "आणि ह्याचा मालक कुठे आहे?"

धाकूने आधी हात पुसले.

"येतलो तो," तो म्हणाला.

फोटोसाठी कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवा होता. बिस्किट जवळ होता. त्याची मान गुबगुबीत, वासाच्या शाम्पूने धुतलेली, शांत. चांगला कुत्रा होता, त्याचा काही दोष नाही. मी त्याच्या गळ्यात बसलो आणि चार बाजूंनी फोटो निघाले. पहिला नंबर मला मिळाला. बक्षीस होतं कुत्र्याच्या खाण्याची एक मोठी पिशवी. ती धाकूने दोन्ही हातांनी छातीशी धरली, लेकराला धरावं तशी. माइकवरून त्याचं नाव दोनदा घेतलं.

खुर्च्या उचलताना वॉचमनने गंधालीला सगळं सांगितलं. ती तिथेच एका खुर्चीवर बसली. नोटीस तिने आता शेवटपर्यंत वाचली.

पुढचे दोन दिवस ती गाडीवाल्याला फोन करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने उचलला. आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, खाडीपलीकडे सोडले, मढला, धक्क्याजवळ. पुन्हा परत येत नाहीत ना तिथून.

"शनिवारी सुट्टी आहे, आपण दोघं जाऊया काका?" गंधाली म्हणाली. धाकू होय म्हणाला. ती ऑफिसला गेल्यावर त्याने मला खिशात घातलं, ती पिशवी खांद्यावर घेतली आणि वर्सोव्याचा धक्का गाठला. होडीत बसल्यावर तो सारखा पुढे वाकून बघत होता. पलीकडचा काठ पाच मिनिटांवर आहे. नऊ वर्षं दर शनिवारी कोंडा तोच काठ बघत आला होता.

मढच्या बाजूला नलिनीबाय नावाची कोळीण बोंबील वाळत घालत होती. धाकूने तिला विचारलं. कुत्रा, कोंड्याच्या रंगाचा, म्हातारा, एका कानाला खूण.

तिचे हात थांबले.

"तुजा व्हता तो?"

तिने त्याला उलट्या टोपलीवर बसवलं आणि सांगितलं. गाडीतून चौघांना सोडलं. तिघं पळाले, कुठे गेले देव जाणे. हा धक्क्यावर जाऊन बसला. दोन दिवस बसला होता. पलीकडून होडी आली की उठायचा, उतरणाऱ्या एकेकाचे पाय हुंगायचा, होडी रिकामी झाली की पुन्हा बसायचा. तिने मासा टाकला, तर खाल्ला नाही. इथले कुत्रे लांबून गुरगुरत होते. दुसऱ्याच्या हद्दीत आलेल्याला ते राहू देत नाहीत.

"काल सकाळी धरला त्याला. पाच-सहा जण व्हते. मी काठी घेऊन धावले, पण मानेलाच धरला व्हता."

धाकूने मला खिशातून काढलं आणि मांडीवर ठेवलं. नलिनीबायने मला बघितलं. पितळेच्या चकतीवर अंगठा फिरवला, नंबर वाचला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"हा व्हता तर घातला का नाय रे बाबा त्याला? हा दिसला असता तर मी दारात बांधून घेतला असता. कुणाचा तरी हाय म्हटला असता. फोन केला असता."

ती वाईट बाई नव्हती. तिला ठाऊक नव्हतं ती कुणाला काय विचारते आहे. धाकू माझ्या रुंदीवरून बोट फिरवत होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन बोटं रुंद, जात्याला ओढणारं कातडं. त्यातून कुत्र्याचा दात आत जात नाही. हे मला माहीत होतं आणि शिवणाऱ्यालाही माहीत होतं.

तिने कोंडाला होड्यांच्या मागे वाळूत पुरलं होतं आणि कुणी उकरू नये म्हणून वर फाटकं जाळं टाकून दगड ठेवले होते. धाकू तिथे बराच वेळ बसला. रडला नाही. एकदा म्हणाला, "वाळूतच माका गावलो होतो."

मग त्याने बक्षिसाची पिशवी फोडली आणि वाळूवर ओतली. वासाने इथले कुत्रे आले. सगळ्यात पुढे एक काळा, जाड मानेचा, कान फाटलेला. इतर मागे थांबले, हा सरळ येऊन खायला लागला.

नलिनीबाय काठी घेऊन जवळ आली. "हाच तो डांबऱ्या. पयला दात ह्याचाच." मग धाकूचे हात बघून म्हणाली, "मारू नको रे, मुकं जनावर हाय."

धाकूने मारलं नाही. तो सावकाश वाकला. डांबऱ्या गुरगुरला, पण तोंड खाण्यात होतं. धाकूने मला त्याच्या गळ्यात घातलं आणि बक्कल लावलं. मग दोन बोटं घालून पाहिली, आवळत तर नाही ना.

"ह्याला कशाला?" नलिनीबायने विचारलं.

"गाडी हयसर पण येतली," तो म्हणाला.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिले आठ दिवस डांबऱ्याने मला पायाने खरवडलं, दगडावर घासलं. माझ्या आतल्या बाजूला कोंडाचा घाम मुरलेला होता आणि तो वास त्याला सोसवत नव्हता. मलाही त्याची मान सोसवत नव्हती. ज्या दातांनी माझं माणूस नेलं, कोंडाला मी माझं माणूसच म्हणतो, त्या दातांच्या खाली चार बोटांवर मी रात्रंदिवस होतो. आता मुरलो. मान ही मानच असते. भूक लागली की शीर तशीच उडते, आणि झोपेत तशीच.

गाडी येऊन गेली, एकदा. गल्लीतले सात कुत्रे नेले. डांबऱ्याजवळ माणूस आला, त्याने मला बघितलं आणि पुढे गेला. कुणाचा तरी आहे.

यंदाही सोसायटीत मेळा होता. धाकूने ते इथे बसून नलिनीबायला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. नोटीस पुन्हा त्यानेच लावली, चार टाचण्यांनी. ह्या वेळी गंधालीकडून शेवटपर्यंत वाचून घेतली. बारीक अक्षरांतली ती ओळ तशीच होती. गंधालीने सभेत विरोध केला, पण ती एकटी पडली. आणि नोटिशीवर पावलाच्या चित्राऐवजी फोटो होता, गेल्या वर्षीच्या विजेत्याचा. बिस्किटच्या गळ्यात मी.

दसऱ्याला सकाळी धाकू होडीने आला. आता तो जास्तच सावकाश चालतो. खिशात एरंडेलाची बाटली, कागदाच्या पुड्यांत हळदकुंकू, हातात झेंडू. डांबऱ्या त्याला बघून शेपूट हलवत गेला, आणि त्याला शेपूट हलवताना बघून धाकूचा चेहरा कसा होतो ते मी सांगणार नाही. तो खाली बसला. सवयीने त्याचा हात बकलावर आला. माझं टोक ओढलं, काटा भोकातून अर्धा निघाला.

आणि तिथे तो थांबला. त्याने काटा पुन्हा भोकात बसवला आणि बकलावर अंगठा दाबून धरला.

मग मला गळ्यात तसाच ठेवून त्याने तेल चोळलं, जेवढा भाग वर होता तेवढ्याला. हळद लावली, कुंकू लावलं. डांबऱ्याने झेंडूचं फूल हुंगलं आणि शिंकला.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, एखाद्या गळ्यात, तर त्याच्या वतीने सांगतो. आम्हाला विसावा नको. सण असो, पूजा असो, आंघोळ असो, आमचा मान राखायला आम्हाला उतरवून ठेवू नका. आम्ही वस्तू आहोत, आम्ही थकत नाही. थकतो तो वाट बघणारा.

माझ्या चकतीवर धाकूचा नंबर अजून आहे. फोन त्याने बदललेला नाही. तो वाजला की आधी हात पुसतो, मग घेतो. इथून अजून कुणी केलेला नाही.